पाण्याच्या हिशेबात आपलं गाव कुठे आहे? गोदावरी खोऱ्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदाच निवडून आलेल्या सरपंच ताई, शिक्षण संपवून शेती धरलेली मुलं-मुली, पाणी वापर संस्थेचे नवे संचालक, तलावावर जाळी टाकणाऱ्या मच्छीमार संस्थेचे सचिव, बचत गटाच्या अध्यक्षा अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. पाणी कसं अडवायचं, ठिबक कसं बसवायचं हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. पण अडवलेल्या पाण्याचं वाटप कोण ठरवतं, कधी ठरवतं आणि त्या ठरवण्यात आपण कसं शिरायचं हे सहसा कोणी सांगत नाही. गावाचा रोजगार मात्र त्याच ठरवण्यावर उभा असतो. कांद्याला शेवटचं पाणी मिळालं नाही तर शेतकऱ्याचं पीक जातं, आणि त्याबरोबर कांदा काढायला येणाऱ्या बायांची मजुरीही जाते.

माझं सांगणं एकच आहे: पाणी मागण्याआधी पाण्याचा हिशेब मागा. "आम्हाला पाणी कमी पडतं" या वाक्यावर बैठकीत सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. "आमच्या चारीला (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाला) रब्बीत इतके घनमीटर ठरले होते, इतके आले, उरलेले कुठे गेले?" असं विचारलं की समोरच्याला कागद काढावा लागतो.

उदाहरणं मुख्यतः वरच्या गोदावरीची, म्हणजे नाशिक ते पैठण या पट्ट्यातली घेतली आहेत. पायऱ्या मात्र कृष्णा, भीमा किंवा तापी खोऱ्यातही जवळपास याच आहेत.

पायरी 1: आपलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते कागदावर काढा

महाराष्ट्राची जमीन गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या अशा पाच खोऱ्यांत विभागली आहे. आपलं गाव त्यातल्या कोणत्या खोऱ्यात आहे एवढं माहीत असून भागत नाही. ओढ्यापासून सुरुवात करा. आपला ओढा कोणत्या नदीला मिळतो, ती नदी पुढे कुठे जाते, आपल्या वर कोणतं धरण आहे, खाली कोणतं आहे, आपलं शेत कोणत्या कालव्याच्या कोणत्या चारीवर आहे आणि ती चारी कुठे संपते, हे सगळं एका मोठ्या कागदावर उतरवा.

वाघाडचंच बघा. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. कोळवण कादवेला मिळते आणि कादवा नांदूरमध्यमेश्वरजवळ गोदावरीला. तिथल्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात आणि उरलेलं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणाकडे जातं. नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ जागा म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे येणारे हजारो पक्षीही याच पाण्यावर जगतात. दिंडोरीत एक दार उघडलं किंवा बंद झालं तर त्याचा परिणाम कोणाकोणापर्यंत पोचतो, हे असा कागद समोर असला की आपोआप दिसतं.

गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. चारीचा क्रमांक आणि लाभक्षेत्राचा नकाशा जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात असतो. गावातल्या जुन्या पाटकऱ्याला शेजारी बसवून नकाशा भरा. कोणत्या ठिकाणी चारी फुटते, कुठे गाळ साचतो, रात्री कुठे दार चढवलं जातं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

पायरी 2: चार आकडे पाठ करा

बैठकीत अधिकारी टीएमसी, क्युसेक, दलघमी बोलायला लागले की नवी माणसं गप्प होतात. हे आकडे अवघड नाहीत.

एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे 28.32 दलघमी, म्हणजेच दशलक्ष घनमीटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजेच 28.32 लिटर. एक क्युसेक प्रवाह 24 तास चालला तर सुमारे 2,447 घनमीटर पाणी वाहतं. आणि एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की 10 घनमीटर पाणी होतं.

आता हे वापरून बघा. तुमच्या चारीला 3 क्युसेक पाणी 7 दिवस मिळालं. तीन गुणिले 2,447 गुणिले सात, म्हणजे साधारण 51,400 घनमीटर. चारीखाली 70 हेक्टर भिजायचे असतील तर हेक्टरी सुमारे 734 घनमीटर, म्हणजे शेतभर 7 सेंटीमीटरच्या आसपास उभं पाणी. एवढ्यात एक पाळी, म्हणजे सगळ्या शेतांचं एकदा भिजवणं, निघू शकते. तरीही शेवटच्या शेतांना थेंब मिळाला नसेल, तर पाणी चारीच्या तोंडाशी कमी आलं की मध्येच मुरलं किंवा उचललं गेलं, हा प्रश्न आता नेमका विचारता येतो. या गणिताआधी नुसतं भांडण होतं.

पायरी 3: पाण्यावर कोण कोण जगतं त्याची यादी करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सरकारी कागदात लाभधारक म्हणजे जमीनधारक. पण पाण्यावर जगणाऱ्यांची यादी त्याहून फार लांब आहे. शेतमजूर, भोई आणि इतर मच्छीमार, मेंढपाळ, नदीकाठच्या मळईत वेली लावणारे, धरण ओसरल्यावर गाळपेर करणारे, वीटभट्टीवरचे मजूर, दुधाच्या दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाया. यातल्या प्रत्येकाला पाणी कोणत्या महिन्यात लागतं आणि किती खाली गेलं की त्यांचं काम थांबतं, हे घरोघर विचारून लिहा. मच्छीमारांसाठी जलाशयातला उन्हाळ्यातला किमान साठा कळीचा असतो. गाळपेर करणाऱ्याला उलट पाणी कधी ओसरणार याची तारीख हवी असते. एकाच तलावावर या दोघांच्या गरजा एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात आणि ते आधीच कळलेलं बरं.

जमीन नसलेल्यालाही पाण्यात वाटा असावा, ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरत होता. माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं पाणी. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. भूमिहीनांनाही हक्क. पुढे 1980 च्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं, तेव्हाही भूमिहीनांसह सगळ्यांना पाण्यात वाटा हेच सूत्र होतं. आटपाडीतही समन्यायी पाणीवाटपाच्या मागणीवर लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. तुमच्या गावात कोणी म्हणालं की "ज्याची जमीन त्याचं पाणी, दुसरं काही शक्यच नाही", तर ही उदाहरणं त्यांच्यासमोर ठेवा.

बायकांचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून त्या पाणी वापर संस्थेच्या सभासद होत नाहीत, म्हणून बैठकीत नसतात. ही साखळी पहिल्याच कडीला तोडता येते. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावून घेण्याची मोहीम संस्थेच्या निवडणुकीच्या आधी सहा महिने घ्या. तलाठ्याकडे अर्ज, फेरफार नोंद, एवढंच काम असतं. पण निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून ते होत नाही.

पायरी 4: कोण काय ठरवतं ते ओळखा

चुकीच्या टेबलावर केलेली बरोबर मागणी वाया जाते. थोडक्यात रचना अशी.

पाटकरी आणि कालवा निरीक्षक दार उघडतात, बंद करतात. शाखा अभियंता आणि उपविभागीय अभियंता पाणी अर्ज घेतात आणि पाळीचं वेळापत्रक लावतात. कार्यकारी अभियंत्याकडे प्रकल्पाचा हंगामी पाण्याचा आराखडा असतो. त्याला प्राथमिक सिंचन कार्यक्रम म्हणतात. किती आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या फेऱ्या) आणि कधी, याचा मोठा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. तिथे लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि लाभक्षेत्रातले प्रतिनिधी असतात. पिण्यासाठीचं आरक्षण जिल्हा पातळीवर ठरतं.

त्याच्या वर खोऱ्यांची पाच महामंडळं आहेत. कृष्णा खोऱ्याचं महामंडळ 1996 चं, गोदावरी मराठवाड्याचं 1998 चं. 2005 च्या कायद्याने या पाच महामंडळांना नदीखोरे अभिकरणांचा दर्जा दिला. त्याच कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. पाणी वापराचे हक्क ठरवणं, ठोक पाणीपट्टीचे दर ठरवणं आणि तंट्यांवर निकाल देणं हे त्याचं काम. दर बदलण्याआधी प्राधिकरण लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतं. तिथे लेखी म्हणणं देण्याचा अधिकार कोणालाही आहे आणि तो फार कमी गावं वापरतात.

याच कायद्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद आहे. कायदा 2005 चा, आणि परिषदेची पहिली बैठक झाली 2015 मध्ये, तीही एकात्मिक राज्य जल आराखड्याशिवाय प्रकल्प मंजूर होत असल्याबद्दल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका गेल्यावर. कायद्यात लिहिलेली संस्था लोकांनी पाठपुरावा केल्याशिवाय जागी होत नाही, हे नव्या माणसाने सुरुवातीलाच समजून घ्यायला हवं. दुसरं उदाहरण प्राधान्यक्रमाचं. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योगाचा क्रम होता आणि शेती तिसरी. त्याला मोठा विरोध झाला आणि 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली.

पायरी 5: 15 ऑक्टोबरच्या आधी तयारी करा

सिंचनाचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. खरीप 14 ऑक्टोबरपर्यंत, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. पावसाळा सरत आलेला असतो, धरणात किती साठा आहे ते स्पष्ट झालेलं असतं, म्हणून 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर पुढच्या आठ महिन्यांचं वाटप उभं राहतं. डिसेंबरात पीक सुकायला लागल्यावर निवेदन दिलं तर फार तर एखादी पाळी चार दिवस अलीकडे येते. वाटा बदलत नाही.

म्हणून ग्रामसभेच्या तारखा कामाला लावा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पायरी 3 मधली यादी वाचून दाखवा आणि गावाची पाण्याची गरज महिन्यावार ठरवून ठराव करा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत साठा बघून तो दुरुस्त करा. ठरावाची प्रत पुढच्याच आठवड्यात कार्यकारी अभियंता, आमदार आणि जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. ठरावात "पुरेसं पाणी मिळावं" असं लिहू नका. "चारी क्रमांक अमुक, 70 हेक्टर, रब्बीत तीन आवर्तनं, प्रत्येकी 3 क्युसेक, 7 दिवस, तलावात 31 मेपर्यंत मासेमारी आणि जनावरांसाठी इतका साठा राखावा" असं लिहा.

पाणी वापर संस्था नसेल तर प्रत्येक शेतकऱ्याने हंगामासाठी नमुना नंबर 7 चा पाणी मागणी अर्ज मुदतीत भरायचा असतो. विभागाचं जाहीर प्रकटन वर्तमानपत्रात येतं आणि शाखा कार्यालयाच्या फलकावर लागतं. अर्ज न भरता पाणी घेण्याची सवय बऱ्याच भागांत आहे. त्यात सर्वात मोठं नुकसान आपलंच होतं. मागणीची नोंदच नसेल तर कागदावर आपल्या भागाला पाणी नको आहे असं दिसतं, आणि ते दुसरीकडे वळवायला सबब मिळते.

पायरी 6: पाणी वापर संस्था नीट चालवा

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सामान्य शेतकऱ्याच्या हातात कायद्याने आलेली सर्वात मोठी सत्ता हीच आहे.

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम 2005 साली झाला. चारीच्या लाभक्षेत्रातले जमीनधारक मिळून संस्था करतात. सरकार एकेका शेतकऱ्याला पाणी न देता संस्थेला मोजून, घनमीटरमध्ये पाणी देतं. आतलं वाटप संस्थेने करायचं. कोणतं पीक घ्यायचं यावर सरकारचं बंधन राहत नाही. सभासदांकडून घ्यायचा दर संस्था ठरवते. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांतले लोक असतात आणि महिलांसाठी जागा असतात. पुच्छ, म्हणजे चारीचं शेवटचं टोक. सगळ्या कायद्याचा जीव या एका शब्दात आहे. पाणी शेवटच्या शेताला पोचलं तर वाटप न्याय्य आहे, नाहीतर नाही.

वाघाडची सुरुवातही टोकाकडूनच झाली. निफाड तालुक्यातलं ओझर हे कालव्याच्या शेवटचं गाव. धरण झालं तरी तिथे पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990-91 च्या सुमाराला तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. कायदा यायला तेव्हा बरीच वर्षं होती. त्यांनी करार करून मोजून पाणी घेतलं, बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांत ते सोडून विहिरींची पातळी वाढवली आणि विहिरीचं पाणीही हिशेबात धरलं. टोकाला पाणी पोचतंय हे बघून वरच्या गावांनीही संस्था केल्या. 2003 मध्ये 24 संस्थांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि सबंध प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या हाती आलं. माळरानाच्या जागी द्राक्षबागा उभ्या राहिल्या. हे काम एका हंगामात झालं नाही, त्याला दहा-बारा वर्षं लागली.

नव्या संचालकाने पुढच्या गोष्टींवर नजर ठेवावी.

संस्थेकडे चारी सोपवताना विभाग आणि संस्था यांची संयुक्त पाहणी होते. प्रत्येक तुटलेली मोरी, फुटलेलं अस्तर, गायब झालेलं दार या वेळी लिहून घ्या आणि दुरुस्ती झाल्याशिवाय ताबा घेऊ नका. घाईने सही केली की पुढची सगळी दुरुस्ती संस्थेच्या गळ्यात पडते. चारीच्या तोंडाशी प्रवाहमापक बसलेला हवा. तो नसेल तर घनमीटरचा करार निव्वळ शोभेचा राहतो, कारण आलेलं पाणी अंदाजानेच लिहिलं जातं.

मापकावरची पट्टी आवर्तनात दिवसातून किमान दोनदा वाचा. सरकारी माणसाबरोबर वाचा आणि दोघांनी वहीत सही करा. मापकाबरोबर उंचीवरून प्रवाह काढायचा तक्ता येतो. तो मोठ्या अक्षरात छापून संस्थेच्या दारावर लावा, म्हणजे शाळेतली पोरंही येता-जाता आकडा काढतील.

भिजवणं टोकापासून सुरू करून वर या. तोंडाचे शेतकरी सुरुवातीला नाराज होतात, पण त्यांना पाणी मिळणार याची खात्री असतेच. टोकाच्याला ती नसते. टोकाचं शेत भिजलं की पाणीपट्टीची वसुलीही सोपी होते. पाणी न मिळालेला माणूस पैसे का भरेल?

पाळीचं वेळापत्रक तासांत लिहा आणि रात्रीची पाळी सगळ्यांना फिरती ठेवा. एकट्या राहणाऱ्या किंवा विधवा शेतकरी बायांची रात्रीची पाळी कोण बघणार हे आधीच ठरवा. हा विषय कोणी सभेत काढत नाही आणि त्यांचं पाणी रात्रीत दुसऱ्याच्या वावरात जातं.

जुन्या काळातलं बघायचं असेल तर धुळे-नाशिक भागातली फड पद्धत बघा. फड म्हणजे एकत्र भिजवायचा शेतांचा पट्टा. पांझरा आणि मोसमसारख्या नद्यांवर बंधारे, त्यावर फड, पाणी सांभाळायला गावानेच नेमलेले पाटकरी आणि जागले. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. टंचाईचं ओझं वाटून घ्यायची शिस्त तिथे शेकडो वर्षं चालली.

प्रशिक्षण हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मी (जल आणि भूमी व्यवस्थापन) संस्थेकडे विचारणा करा. अध्यक्ष-सचिवांबरोबर एखादी महिला संचालक आणि एक तरुण सभासदही पाठवा.

पायरी 7: कागद मागायला शिका

माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. "पाणी का मिळालं नाही?" असा प्रश्न अर्जात विचारू नका. त्याला उत्तर देण्याचं बंधन नाही. नोंदींच्या प्रती मागा. मजकूर साधारण असा ठेवा:

"अमुक प्रकल्पाच्या मागील 3 सिंचन वर्षांसाठी (अ) मंजूर प्राथमिक सिंचन कार्यक्रम, (आ) कालवा सल्लागार समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, (इ) कालव्याच्या मुखाजवळील व चारी क्रमांक अमुकवरील आवर्तननिहाय गेज नोंदी, (ई) बिगरसिंचन वापराचे करारनामे व प्रत्यक्ष उचललेल्या पाण्याची महिन्यावार नोंद यांच्या प्रती मिळाव्यात."

यातली (ई) सहसा कोणी मागत नाही. शहर, औद्योगिक वसाहत आणि कारखाने यांनी करारापेक्षा जास्त उचललं का, हे तिथेच कळतं. जलसंपदा विभाग जललेखा अहवालही काढतो, त्यात तुमचा प्रकल्प शोधा. प्रती घेण्यापेक्षा कार्यालयात जाऊन नोंदवह्या बघण्याचा पर्यायही कायद्यात आहे. पहिल्यांदा तोच घ्या. कोणती वही कुठे आहे हे कळतं आणि पुढचा अर्ज नेमका होतो.

पायरी 8: विहिरी आणि बोअर हिशेबात धरा

कालव्याचं पाणी मोजून घेतलं आणि जमिनीखालचं मोकाट सोडलं तर सगळं गणित फसतं. वाघाडने विहिरी हिशेबात घेतल्या म्हणूनच बागा टिकल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने दरवर्षीच्या पावसावर पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळी टाळली. तुम्हीही सुरुवात ताळेबंदापासून करा. ग्रामपंचायतीजवळ पर्जन्यमापक बसवा. 1,000 हेक्टर गावावर 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे 50 लाख घनमीटर पाणी. त्यातलं बरंच बाष्पीभवनात आणि ओढ्यांतून जातं. मुरतं ते थोडं, आणि त्याच थोड्यावर उन्हाळा काढायचा असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तुमच्या पाणलोटाची माहिती आणि निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मिळतात.

कायद्याची मदत हवी असेल तर भूजलाचा 2009 चा अधिनियम बघा. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधन आहे आणि अधिसूचित सार्वजनिक पेयजल स्रोताजवळ नव्या विहिरींना मनाई करता येते. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात असाल तर पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे नियम वाचा. गावातल्या लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला त्यात थेट अधिकार आहेत आणि तिथे जमीन असण्याची अट नाही. प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे.

पायरी 9: तक्रार क्रमाने वर न्या

शेजाऱ्याने पाळी मोडली तर संस्थेच्या सभेत. दोन संस्थांचा वाद असेल तर वरच्या स्तरावरच्या संस्थेकडे. हक्काचं पाणीच आलं नाही तर खोऱ्यासाठी नेमलेल्या प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर अपील प्राधिकरणाकडे. प्रत्येक टप्प्यावर लेखी अर्ज आणि पोच. इथे पायरी 6 मधली दोन सह्यांची वही हाच खरा पुरावा ठरतो.

पायरी 10: आपल्या खालच्यांना भेटा

वरच्या गोदावरीत दर दोन-चार वर्षांनी नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा असा वाद उसळतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 12(6)(क) मध्ये टंचाईच्या वर्षी वरच्या आणि खालच्या धरणांत समन्यायी वाटप करायला सांगितलं आहे. त्यासाठी मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये तक्ते दिले, 2014 मध्ये प्राधिकरणाचा आदेश झाला आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. त्या तक्त्यानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड या वरच्या धरणसमूहांतून पाणी सोडायचं. जायकवाडीची मूळ उपयुक्त क्षमता सुमारे 76.6 टीएमसी, म्हणजे निकष 50 टीएमसीच्या आसपास येतो. हा निकष बदलण्याच्या शिफारशीही पुढे झाल्या, तेव्हा चालू वर्षाचा आदेश बघूनच बोला. 2023 मध्ये अशा आदेशाने 8.6 टीएमसी पाणी सोडायचं ठरलं होतं.

आदेशातल्या आकड्याएवढं पाणी पैठणला पोचत नाही. कोरडं पात्र पाणी पितं, काठावरच्या मोटारी उचलतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर निघत नाहीत. म्हणून सोडण्याआधी फळ्या काढतात, नदीकाठची वीज काही काळ बंद ठेवतात. या सगळ्यात वरचा शेतकरी आपलं पाणी गेलं म्हणून रागावतो, खालचा आपल्याला मिळालं नाही म्हणून, आणि दोघांच्या हाती एकच हिशेब नसतो. माझ्या मते हा वाद निवळण्याची सुरुवात तिथूनच होईल. वर किती सोडलं, वाटेतल्या प्रत्येक बंधाऱ्यावर किती दिसलं, नाथसागरात (जायकवाडीच्या जलाशयात) किती पोचलं, हे आकडे दोन्हीकडच्या संस्थांनी एकत्र उभं राहून लिहिले पाहिजेत.

तुमची संस्था वर असेल तर खाली, खाली असेल तर वर, एका संस्थेला पत्र पाठवा: पुढच्या आवर्तनाला तुमचे दोन माणूस आमच्या दारावर येऊ द्या, आमचे दोन तुमच्याकडे येतील, आणि दोन्ही वह्यांवर चौघांच्या सह्या होतील. जाताना एक बाई आणि एखादा मच्छीमार बरोबर न्या. आवर्तनाची तारीख शाखा कार्यालयात आठवडाभर आधी कळते.